बाईंचा जबाब

बाईंनी मला, किंवा आमच्या गल्लीतल्या कोणालाही, "कसे आहात?" असे विचारल्याचे मला स्मरत नाही. रस्त्यात माणूस समोर आला की त्या थबकत, उजव्या हाताचे बोट त्याच्या छातीच्या रोखाने धरीत आणि विचारीत, "हजर?" समोरच्याने मान डोलावली किंवा नुसते हसून दाखवले तर ते खपत नसे. "मान काय हलवता? हजर म्हणा." साठी उलटलेला, दिवाणी कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेला मी, हातात मेथीची जुडी घेऊन भर चौकात "हजर" म्हणत असे. म्हटल्यावाचून वाट मोकळी होत नसे.

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. संध्याकाळी घरी आल्यावर सदरा खुंटीला टांगावा तसे स्वतःचे काम त्यांना टांगून ठेवता येत नाही. बाईंना शाळा टांगून ठेवता येत नव्हती. त्याची किंमत त्यांच्याकडून वसूल करण्यात आली, आणि ज्यांनी ती वसूल केली ते आजही पंख्याखाली बसून सह्या करीत आहेत. म्हणून हे लिहीत आहे. मी हळवेपणाने लिहीत नाही, संतापाने लिहीत आहे. संतापलेला माणूस तपशिलाशी प्रामाणिक राहतो, असा माझा नोकरीतला अनुभव आहे.

आमचे घर पिंपरीच्या बाजूला, रुळांच्या अलीकडे. घराची एक भिंत आणि बोर्डाच्या मराठी शाळेची भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी बोळकांडी. शाळा चौथीपर्यंतची. बाई तिच्या मुख्याध्यापिका, आणि शाळेमागच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या. मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांच्या यजमानांविषयी गल्लीत तीन हकिकती प्रचलित होत्या आणि तिन्ही एकमेकींशी विसंगत होत्या. बाईंना कोणी छेडलेच तर त्या म्हणत, "तुम्हांला जी बरी वाटेल ती धरा."

आमच्या गल्लीत त्या वेळी तीन प्रकारची माणसे राहत. जुन्या गावातले शेतकरी, ज्यांच्या जमिनी कारखान्यांच्या कुंपणात जाऊ लागल्या होत्या. सातारा-रत्नागिरीहून कामाला आलेली बिऱ्हाडे. आणि निर्वासितांच्या कॅम्पातली जागा अपुरी पडली म्हणून इकडे खोल्या घेतलेली सिंधी कुटुंबे. ही माणसे एकमेकांच्या घरचे पाणी पिताना विचार करीत. परंतु त्यांची मुले जिथे एकाच तरटावर मांडीला मांडी लावून बसत, असे ठिकाण पंचक्रोशीत एकच होते, आणि ते देऊळ नव्हते.

बाईंची नि माझी ओळख माझ्या अर्जांमुळे झाली. मी ओटीवर बसून रेल्वेला लिहीत होतो. फाटक किती वेळ बंद ठेवावे यास काही कायदा आहे की नाही, हा प्रश्न होता. बाई बोळकांडीतून डोकावल्या.

"नाझरसाहेब, आज कोणाला?"

"रेल्वेला."

"उत्तर येतं?"

"नाही."

"मग माझ्या चौथीला अर्ज लिहायला शिकवा. एवढा राग रोज वाया जातो तुमचा. शाळेला द्या."

मी गेलो. अर्जात रडू नये, मागणी पहिल्या ओळीत करावी, आणि कोणाच्याही पायांवर डोके ठेवू नये, अशी तीन सूत्रे मी फळ्यावर लिहिली. गल्लीतल्या ठकूबाईची नात सुंदरा हिने लागलीच अर्ज केला, तो असा: "शेजारची शेळी खिडकीतून मान घालून वर्गाचा खडू खाते, तरी शेळीस योग्य ती समज देण्यात यावी." बाईंनी तो गंभीर चेहऱ्याने माझ्या हाती दिला. "द्या निकाल." मी शेळीला तंबी दिल्याचे पोरींनी पाहिले तेव्हाच त्यांचे समाधान झाले. सरकारदरबारी अर्ज करणाऱ्या माणसाला इतक्या तातडीने दाद मिळाल्याचे माझ्या आयुष्यातले ते एकमेव उदाहरण होय.

सत्तावन साली परदेशातून आलेला फ्ल्यू मुंबईस उतरला आणि रुळांवरून आमच्याकडे आला. त्या साथीची आठवण वाचकांना असेलच. डोके फुटायचे, कंबर मोडायची, आणि घरातला एक उठून बसतो तोच दुसरा अंथरूण धरायचा. कारखान्यांतल्या शिफ्टा अर्ध्या माणसांवर चालत. शाळेत मुले बसल्या जागी कलंडू लागली.

अशा एका दुपारी शाळाखात्याच्या कचेरीचा शिपाई सायकलवरून शाळेत आला. उतरलाही नाही, एक पाय ओटीला टेकवून म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, शाळा बंद ठेवा. पुढचा हुकूम येईस्तोवर."

मी तिथेच होतो. "कागद?" मी विचारले.

"कागद कसला आबा? साहेबच फणफणलेत. सही करायला हात तर उचलला पाहिजे!" असे म्हणून तो पायडल मारून गेला.

मी बाईंना बजावले. तोंडी हुकूम हा हुकूमच नव्हे. उद्या कोणी नाकबूल झाला तर तुमच्यापाशी पुरावा काय? आधी लेखी मागा, मग कुलूप लावा.

"आत चार पोरं तापलीत, नाझरसाहेब. कागद येईपर्यंत बाकीच्यांना त्यांच्या श्वासात बसवून ठेवू?"

कायद्याच्या दृष्टीने त्या चुकत होत्या. तसे मी म्हटले. त्या म्हणाल्या, "चुकू द्या," आणि मुलांना घरी पाठवून त्यांनी कुलूप लावले.

त्याच दिवशी दिवेलागणीला गल्लीच्या मधोमध बाईंचा आवाज उठला. पाहतो तर नऊवारीचा पदर खोचून बाई उभ्या, तोंडावर पांढरे फडके बांधलेले, आणि दोन्ही बाजूंच्या घरांच्या उंबऱ्यांत पोरे.

"उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही! टाकील त्याला एकोणतिसा उलटा म्हणावा लागेल! हं, कोपऱ्यावरचं घर, बे."

दिवा लागल्यावर मुलांनी पाढे, वार, महिने मोठ्याने म्हणायचे, हा परवचा घराघरांत पूर्वापार होता. बाईंनी तो गल्लीत मांडला. प्रत्येक घराला एक पाढा नेमून दिला. कोपऱ्यावरच्या घराने बे म्हणायचे, पुढच्याने तीन, त्याच्या पुढच्याने चार. आपला पाढा संपला की पुढच्या घराचा ऐकायचा आणि चुकला तर ओरडायचे. चुका काढायला मिळतात म्हटल्यावर पोरे कधी नव्हे ती कान देऊन ऐकू लागली. पाढ्यांमागून कविता, कवितेमागून तोंडी गणिते. तासभर गल्ली नुसती घुमत असे.

लछमी नावाची सिंधी बाई आमच्या समोर राहत असे. तिचा मुलगा आजारी पडला त्या संध्याकाळी तीच उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "बाई, मेरा गोपू सोया है. उसका पाढा मैं बोलूं?"

"म्हणा की. पण हजेरी तुमची वेगळी हं. गोपूच्या नावावर जमा नाही करायची."

"चालेगा. आठ एके आठ!" लछमी ओरडली, आणि आठ साते छप्पन्नला अडखळली तेव्हा ठकूबाई पलीकडून म्हणाली, "आगं, छप्पन! माझी नात रोज केकाटती, मला बी पाठ झालंय."

ठकूबाई जुन्या गावातली, सत्तरीची. शाळेची पायरी तिने कधी चढलेली नव्हती. तिच्या घरातून आवाज आला नाही म्हणून बाईंनी एकदा हाक दिली, "ठकूबाई, घर गप्प का?"

"गप न्हाई बाई! पोरगी हाय. घसा बसलाय तिचा."

"ताप?"

"न्हाई. चिंचा खाल्ल्यात मेलीनं."

"मग टाळ्या वाजवू दे. एकेका ओळीला एक. मी मोजते."

आता यातली खुबी पाहा. जे घर गप्प राही आणि ज्यातून टाळीही ऐकू येत नसे, त्या घरात ताप शिरलेला असे. सकाळी बाई त्या खिडकीखाली जाऊन उभ्या राहत, आत कोण पडले आहे ते विचारीत आणि पेजेचे भांडे उंबऱ्याबाहेर ठेवून परत फिरत. दवाखान्याच्या कंपाउंडरला प्रथम हा वेडेपणा वाटला. पुढे तोच सकाळी औषधाच्या बाटल्या घेऊन आला की पहिल्यांदा बाईंच्या दारात उभा राही. "बाई, काल कुठला पाढा नाही आला?"

"सात आणि बारा."

तो थेट त्या दोन घरी जाई.

परवचा संपला की बाई खोलीत जाऊन, ज्या मुलांनी धडा म्हटला त्यांची हजेरी शाळेच्या हजेरीपटावर मांडीत. हे मला कळले तेव्हा मी हादरलो.

"बाई, बंद शाळेची हजेरी मांडता येत नाही."

"शाळा बंद कुठाय? कुलूप खोलीला आहे. मुलानं धडा म्हटला, मी ऐकला, चुकला तिथं सुधारला. याला काय म्हणतात तुमच्या कायद्यात?"

मी म्हटले, "कायद्यात याला अडचण म्हणतात." त्या मोठ्याने हसल्या.

मग बाई स्वतःच पडल्या. त्या संध्याकाळी दिवे लागले, पोरे उंबऱ्यांत आली, आणि गल्लीच्या मध्यावर कोणीच नव्हते. लछमीने पदर डोळ्यांना लावलेला मी पाहिला. तेवढ्यात ठकूबाईने कर्कश आवाजात सुरुवात केली, "बे येकं बे! आरं म्हना की रं, का मुंग्या गिळल्यात? बाई आजारी हाय, शाळा न्हाई!" आणि गल्ली उठली. आपापल्या पाळीची वाट कोणी पाहिली नाही. कामावरून आलेले बाप म्हणू लागले, पोरे कडेवर घेतलेल्या आया म्हणू लागल्या. मीही म्हटले, ते नोंदवण्यास मला संकोच नाही. सोळाच्या पाढ्याला सगळ्यांचाच घोळ झाला. कोणी काही म्हणे, कोणी काही. तेव्हा शाळेमागच्या खोलीतून, ऐकू येईल न येईल असा, आवाज आला: "सोळा साते?"

"बारोत्तरशे!" गल्लीने एका दमात उत्तर दिले.

"हं. पुढं."

सरकारी शाळा ही सरकारने गरिबांवर केलेली मेहेरबानी आहे, असे समजणाऱ्या प्रत्येक हुद्देदाराला त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत आणून उभे करावयास हवे होते. ती शाळा कोणाची आहे हे त्याला कळले असते.

साथ ओसरली. शिपाई पुन्हा सायकलवरून आला, पुन्हा न उतरता "उघडा म्हणून सांगितलंय" म्हणाला, आणि शाळा उघडली. मुले मात्र सारी परतली नव्हती. बरीच बिऱ्हाडे साथीच्या भीतीने मूळ गावी गेली होती, ती हळूहळू येत होती. नेमक्या अशा वेळी भागाचे साहेब तपासणीस आले. त्यांची प्रकृती आता उत्तम दिसत होती.

त्यांच्यासमवेत एक गृहस्थ होते. जवळच नव्या वसाहतीचे काम घेतलेल्या एका ठेकेदाराला सिमेंट ठेवण्यासाठी कोरडी, पक्क्या भिंतींची जागा हवी आहे, हे गल्लीला ठाऊक होते. मी पुराव्यावाचून आरोप करणारा माणूस नाही. एवढेच नमूद करतो की त्या गृहस्थाने एकाही मुलाकडे पाहिले नाही. त्याने खोली पावलांनी मोजली.

साहेब म्हणाले, "मुलं कमी दिसतात, बाई."

"साथीनं गेलीत. येतायत एकेक."

"आणि साथीच्या दिवसांतली ही हजेरी? शाळा बंद असताना?"

"आपल्याच हुकुमानं बंद होती. मी गल्लीत घेतली."

"माझ्या हुकुमानं?" साहेब म्हणाले. "माझा कोणताही हुकूम नाही. दाखवा."

वाचकहो, सतत कागद चाळून माझे डोळे अधू झाले आहेत, पण माणसाचा चेहरा मला वाचता येतो. खोटे बोलताना त्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा उठली नाही.

तपासणीनंतर लवकरच दसरा आला. त्या वर्षी पाटीपूजन शाळेत मावले नाही. मुलांनी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून आणायची, हा रिवाज जुनाच. पण त्या दिवशी परवचा पाठ झालेल्या आयाही आपापल्या सरस्वत्या काढून आल्या. लछमीच्या सरस्वतीला मिशा फुटल्यासारख्या दिसत होत्या आणि ठकूबाई ते सर्वांना हाक मारून दाखवीत होती. कामगारांनी आदल्या दिवशी कारखान्यात यंत्रांना वाहिलेली झेंडूची फुले उरली, तीही आणली. ओटी, बोळकांडी, सारीकडे पाट्या. बाईंनी साहेबांना बोलावणे धाडले होते. साहेब आले, साखरफुटाणे खाल्ले, "अशी शाळा भागात दुसरी नाही" असे चार माणसांत बोलले, आणि त्याच आठवड्यात नोटीस पाठवली. या वेळी मात्र त्यांना लेखी लिहिण्याची शक्ती आलेली होती.

नोटिशीतला मजकूर असा: शाळा बंद करण्याचा हुकूम नसल्याने साथीचे दिवस कामाचे धरण्यात येतील. त्या दिवसांची हजेरी खोटी असल्याने मुले गैरहजर धरण्यात येतील. अशा रीतीने सरासरी पुरेशी न भरल्यामुळे शाळा तूर्त बंद करून मुलांना रुळांपलीकडच्या शाळेत का वर्ग करू नये?

तूर्त! ह्या शब्दाने या देशात जेवढ्या गोष्टी कायमच्या बुडवल्या तेवढ्या पुरानेही बुडवल्या नसतील.

मी पेटून उठलो. मुद्दा इतका स्वच्छ होता की लहान मूलही समजेल. शाळा एक तर बंद होती किंवा चालू होती. हुकूम नव्हता म्हणता, तर शाळा चालू होती. मग बाईंनी घेतलेली हजेरी खरी. हजेरी खोटी म्हणता, तर शाळा बंद होती. मग ते दिवस सरासरीत धरता येत नाहीत. दोन्ही तोंडांनी एकाच वेळी खाता येणार नाही. मी कैफियत लिहिली, गल्लीच्या सह्या आणि अंगठे घेतले, शिपायाची साक्ष काढावी अशी मागणी केली, आणि चौकशीच्या दिवशी बाईंसोबत कचेरीत गेलो.

साहेबांनी माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले. मग ते म्हणाले, "नाझरसाहेब, हे कोर्ट नव्हे."

"ते आल्याबरोबर लक्षात आलं," मी म्हणालो. "शिपायाला बोलवा."

"त्याची बदली झाली."

"कुठे?"

"तो आपला विषय नाही." कैफियत वर गेली तर आपला तोंडी हुकूम उघडा पडेल, हे त्यांना कळले असावे. मग ते बाईंकडे वळले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि हुद्देदाराचा आवाज मऊ झाला की फिर्यादीने पाय रोवून बसावे, हे मी उभ्या हयातीत शिकलो आहे. "बाई, वाद वाढवून कोणाचं भलं होणार? तुम्ही जबाब द्या. साथ पाहून तुम्ही आपल्याच मनानं शाळा बंद केली, आणि गल्लीतली हजेरी गैरसमजुतीनं मांडली. मग मी ते दिवस मागाहून मंजूर सुट्टी म्हणून धरतो. सरासरी भरते, शाळा राहते."

"आणि बाई?" मी विचारले.

"सेवापुस्तकात शेरा येईल. बदली होईल. त्याला इलाज नाही."

मी बाईंना बाहेर व्हरांड्यात आणले. "सही करू नका. आपण वर जाऊ. लागलं तर मुंबईपर्यंत जाऊ. मी चाळीस वर्षं दावे पाहिलेत. हा आपण जिंकणार."

"किती दिवसांत?"

मी कैफियतीची पाने चाळू लागलो.

"तोवर शाळा?"

"तूर्त—" मी बोलून गेलो, आणि जीभ चावली.

बाई शांतपणे म्हणाल्या, "तोवर खोल्यांत सिमेंट असेल. मुलगे रूळ ओलांडून पलीकडं जातील. मुली जातील? परवा ठकूबाईला विचारलं मी. म्हणाली, 'गाडीखाली घालाय न्हाई धाडायची म्या नात. बसंल चुलीम्होरं.' लछमीही तेच म्हणाली, तिच्या धाकटीविषयी. तुम्ही जिंकाल, नाझरसाहेब. निकाल येईल तेव्हा सुंदराच्या कडेवर मूल असेल. तिला वाचून दाखवाल निकाल?"

"पण तुम्ही खोटं लिहून देताय!"

"हो."

"तुमची हजेरी खरी होती!"

"होती की."

"मग?"

"मग काही नाही. आत चला. साहेबांची चहाची वेळ होईल."

आणि त्यांनी आत जाऊन जबाब दिला. अक्षर वळणदार, ओळी सरळ. "मी आपल्या मनाने शाळा बंद केली" हे वाक्य लिहिताना त्यांची लेखणी कुठेही अडली नाही. साहेबांनी टीपकागद स्वतःच्या हाताने दाबला. ज्या माणसाने शाळा बंद करवली तो निर्दोष सुटला. जिने ती गल्लीत चालू ठेवली, तिने ती बंद केल्याचा गुन्हा कबूल केला. कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात या प्रकाराला नाव नाही. माझ्याकडे आहे, परंतु ते छापता येणार नाही.

परतीच्या वाटेवर मी त्यांच्या चार पावले पुढे चालत होतो. माझा संताप साहेबांवर होता, ठेकेदारावर होता, आणि हेही लिहून ठेवतो की बाईंवरही होता. अन्यायाला कबुली मिळाली की तो कायदेशीर होतो. त्यांनी माझ्या हातातला उत्तम दावा काढून घेतला आणि त्याच्या बदल्यात चार वर्गांची शाळा वाचवली. हा सौदा मला आजही मान्य नाही. आणि दुसरा कोणता करायचा होता, हे मला आजही सांगता येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत बाई गेल्या. एक ट्रंक, एक वळकटी. गल्ली स्टँडवर लोटली होती. ठकूबाईने साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बाईंनी तिला मध्येच थांबवले, "पुरे, ठकूबाई. पोरं ऐकतायत. वाक्यरचना बिघडेल." सुंदरा रडत होती. बाईंनी तिला विचारले, "शाळा कधी उघडते?"

"सुट्टी संपली की."

"मग रडतेस कशाला?" असे म्हणून त्या एसटीत चढल्या, आणि खिडकीतून त्यांनी मागे वळून पाहिले नाही. त्यांना वळून पाहणे शक्य नव्हते, असे लछमीचे मत पडले. मला कळले नाही. मी दुसरीकडे पाहत होतो.

हिवाळाभर मी अर्ज लिहिले. कचेरीचे एकच उत्तर आले: शिक्षिकेने जबाबात दोष मान्य केला असल्याने प्रकरण निकालात काढण्यात आले आहे. तेव्हा मी अपिलाचा मसुदा केला. जबाब दडपणाखाली घेतला, हा मुद्दा. फक्त बाईंची सही हवी होती. टपालाने पाठवलेला मसुदा सहीविना परत आला, म्हणून वैशाखात मी स्वतःच त्यांच्या बदलीच्या गावी निघालो. चाकणला गाडी बदलली, खेडला उतरलो. ज्या कोर्टात माझे आयुष्य गेले त्याच्यासमोरून दुसरी गाडी धरली. तीही जिथे थांबली तिथून पुढे डोंगराकडे चालत गेलो. वाटेत विचारले तर एक गुराखी म्हणाला, "बाईंची साळा? ती काय, वर बाई दिसत्यात ती."

बाई खरोखरच वर होत्या. गवताने शाकारलेली एकखणी शाळा, भिंतीला लावलेली शिडी, आणि शिडीच्या टोकावर, कासोटा घट्ट मारून, पन्नाशी ओलांडलेली ती बाई छपरावर नवे गवत पसरीत होती. खालून दोन गावकरी पेंढ्या देत होते.

"अगंबाई, नाझरसाहेब! कुठल्या गाडीनं आलात?"

मी कुशल सांगितले नाही. मसुदा काढला. "सही हवी आहे. सहीशिवाय मी जाणार नाही."

"वाचा."

मी खाली उभा राहून, घामाघूम, सगळा मसुदा खणखणीत वाचला. गावकरी पेंढ्या धरून तसेच थांबले. बाई मात्र काम करीत होत्या. माझे वाचून संपले.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आपली शाळा चालू आहे ना?"

"आहे."

"मुली?"

"येतात. सगळ्या येतात."

"मग हे कशासाठी?"

"तुमच्यासाठी! तुमच्या नावावर खोटा शेरा आहे!" माझा आवाज डोंगरावर आदळून परत आला.

त्यांनी हातातले गवत खाली ठेवले. प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले. "शेरा खोटा आहे, पण सही माझी आहे. तेव्हाही काय लिहितेय ते कळत होतं. आता दडपणाखाली लिहिलं म्हणू, तर ते दुसरं खोटं. एक पुरे झालं." मग त्यांनी आभाळाकडे पाहिले. डोंगरावरून वारा उतरू लागला होता आणि सैल गवत फडफडत होते. "तो कागद दगडाखाली ठेवा आणि त्या दोराचं टोक धरा. हे उडायला लागलंय."

"मी अपिलासाठी आलोय, बाई."

"ऐकलं मी. आधी दोर धरा."

मी कागद दगडाखाली ठेवला आणि दोर धरला. काथ्याचा होता, हाताला टोचत होता. बाईंनी वरून दुसरे टोक आढ्याच्या बांबूला गुंडाळले. "ओढा," त्या म्हणाल्या. मी ओढला. "आणखी." मी संतापाने दातओठ खात, टाचा मातीत रुतवून, जेवढा जोर या वयात उरला होता तेवढा लावून ओढत राहिलो, आणि वर बाई गाठ मारीत होत्या.